बडग्याचं मुंडकं

धड तयार होतं, मुंडकं बाकी होतं.

चंपतरावांच्या आरामशीनच्या मागच्या शेडमध्ये लहानू पेंटरने बडग्या उभा केला होता. बांबूचा सांगाडा, त्यात गल्लीतल्या घराघरांतून आणलेल्या चिंध्या ठासलेल्या, वरून खळीने चिकटवलेली रद्दी. अंगात हिरवा अंगरखा, कमरेला पुठ्ठ्याची तलवार आणि हातात वीतभर लांब किल्ली. मानेच्या जागी मात्र नुसता बांबूचा शेंडा वर आलेला. लकडगंजातल्या त्या गल्लीतून इतकी वर्षं बडगे निघाले, पण पोळ्याची संध्याकाळ झाली तरी तोंड कोणाचं लावायचं हे ठरलेलं नाही, असं कधी झालं नव्हतं. याला कारण चंपतराव, आणि चंपतरावांना कारण टीव्हीवरची मालिका.

बडग्यासाठी बांबू द्यायचा मान चंपतरावांच्या घराचा. त्यांचे वडील द्यायचे, मग ते देऊ लागले. बांबू देणाराच सांगतो, यंदा पुतळा कोणाचा. ज्याने वर्षभर छळलं त्याचा करायचा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या, म्हणजे ईडा-पीडा नेणाऱ्या बाईच्या पुतळ्याच्या, मागे गावभर मिरवायचा, आणि शेवटी जाळून मोकळं व्हायचं. रोगराई, भांडणतंटे, मनातली किल्मिषं, सगळं त्याच्याबरोबर गेलं असं समजायचं. एका वर्षी चंपतरावांनी डेंगूच्या डासाचा बडग्या केला होता. एका वर्षी उन्हाळाभर बंद राहिलेल्या नळाचा. यंदा मात्र बांबूपुढे नारळ फोडताना त्यांनी गल्लीसमोर शब्द टाकला की, 'भिवरगडचे शिलेदार'मध्ये जो फितूर निघेल तोच आपला बडग्या.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कारण भिवरगड आता पडणार हे सगळ्यांना कळलं होतं. वेढा घालून बसलेल्या शत्रूला आतून कोणीतरी सामील आहे, हेही कळलं होतं. पण कोण, ते लिहिणाऱ्यांनी अख्खा पावसाळा लपवून ठेवलं होतं. शेजारच्या तुळसाबाईंना किल्लेदाराच्या मेहुण्यावर संशय होता. लहानूचा मुदपाकखान्यातल्या आचाऱ्यावर, कारण तो फार हसायचा. पानठेल्यापासून दळणाच्या चक्कीपर्यंत दुसरा विषय नव्हता.

चंपतरावांच्या घरात तर या मालिकेने एक चमत्कारच केला होता. दोन वर्षांपूर्वी या घराच्या चुली वेगळ्या झाल्या. थोरला धर्मेंद्र बायको-मुलीला घेऊन माडीवर गेला आणि खाली म्हातारा-म्हातारी उरली. जिन्यावरून डब्यांची ये-जासुद्धा नव्हती. पण संध्याकाळचे आठ वाजले की धर्मेंद्र, दिपाली आणि लहानगी रितिका खाली यायची. माडीवर टीव्ही होता, चांगला मोठा होता. पण धर्मेंद्र म्हणायचा की खालच्या टीव्हीचा आवाज चांगला आहे. यावर कोणी वाद घालत नसे.

प्रयागबाई, चंपतरावांची बायको, आपल्या धाकट्या पोरासाठी बघायच्या, आणि तसं सांगायच्याही. अमोल मालिकेत रायभान झाला होता. रायभान म्हणजे नायक मानाजीचा जिवलग, त्याच्यासाठी पाठीवर बाण घेणारा, भाकरीतली अर्धी देणारा. गल्लीतल्या बायका प्रयागबाईंना 'रायभानची माय' म्हणू लागल्या होत्या. धर्मेंद्र कशासाठी बघायचा ते कोणी विचारलं नव्हतं. भाऊ दिसला की तो मोबाइल काढून त्यात बघत बसायचा आणि भाऊ पडद्यावरून गेला की मोबाइल ठेवायचा.

चंपतराव मात्र गोष्टीसाठी बघायचे. पोरगा आहे म्हणून बघत नाही, असं ते पाहुण्यांना सांगायचे आणि ते खोटं नव्हतं. आयुष्यभर त्यांनी लाकडं चिरली. गिऱ्हाइकाशी गोड बोलले, भावांशी जुळवून घेतलं, ज्या दिवशी जे बोलणं सोयीचं ते बोलले. भिवरगडावर असं नव्हतं. तिथे नगारा वाजला की माणूस उठायचा. मानाजीने एकदा 'येतो' म्हटलं की पूर आलेल्या नदीत घोडा घालून तो यायचा. चंपतरावांचे डोळे अशा वेळी भरून येत. त्या तासाभरात त्यांना आपणही तसेच आहोत असं वाटायचं, आणि त्यासाठी खुर्चीतून उठावंही लागायचं नाही.

पोळ्याच्या त्या संध्याकाळी खोलीत मावेना एवढी माणसं होती. तुळसाबाई तर पाट घेऊन अगदी टीव्हीपुढे बसल्या होत्या. पडद्यावर अंधारा दिंडी दरवाजा दिसला. पहारेकरी झोपलेला. एक घोंगडी पांघरलेला माणूस येतो, कमरेची किल्ली काढतो, अडसर सरकवतो. बाहेरून मशाल आत येते आणि त्या उजेडात त्याचं तोंड दिसतं.

तो रायभान होता.

जाहिराती सुरू झाल्या. टीव्हीवर एक बाई भांडी घासायची पावडर दाखवत होती. सगळ्यांनी तीच बघितली.

मग तुळसाबाई पाट उचलून उठल्या. जाताना दारात थांबल्या आणि म्हणाल्या, "प्रयागा, तुहाच पोरगा निघाला वं." जणू प्रयागबाईंनीच हे वर्षभर लपवून ठेवलं होतं. बाकीची माणसं त्यांच्यामागे एकेक करून निघाली. लहानू शेवटी उठला. त्याने चंपतरावांकडे पाहून नुसती मान विचारल्यासारखी हलवली, आणि चंपतरावांनी, काय करतो आहोत हे कळायच्या आधी, होकाराची हलवली.

"नाही," प्रयागबाई म्हणाल्या. "माह्या पोराचं तोंड त्या बांबूवर लागणार नाही."

चंपतराव म्हणाले की ते अमोलचं तोंड नाही, रायभानचं आहे. प्रयागबाईंनी विचारलं, दोन तोंडं आहेत का त्याला. आणि उद्या सकाळीच तो येतो आहे, मालिकेचं शूटिंग संपलं म्हणून सुट्टीवर येतो आहे, त्याच्यासाठी पुरण वाटून ठेवलं आहे; त्याने स्टेशनवरून यावं आणि गल्लीत आपलंच मुंडकं बघावं का. चंपतराव शब्दाचं बोलू लागले. चारचौघांत शब्द दिला, आता मागे घेतला तर लोक म्हणतील, घरचा निघाला म्हणून फिरला.

आता धर्मेंद्र हसला. त्याचं ते हसू घरात कोणालाच आवडत नसे.

"बाबांचं बरोबर आहे," तो म्हणाला. "शब्द देला तं देला. आन् तसं पाहिलं तं खोटं काय आहे त्याच्यात? टीव्हीवाल्याइले दोन वर्षांनं समजलं, आपल्याले पहिलेच माहीत होतं."

त्याने डावा हात वर केला नाही. तशी गरजही नव्हती. त्या हाताची शेवटची दोन बोटं नव्हती, आणि ती कधी गेली, कशी गेली, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ होतं. अमोल एका पहाटे कोणाला न सांगता मुंबईला पळाला. आरामशीनवर ओंडका पुढून एकाने रेटायचा आणि मागून एकाने ओढायचा, दोघांचा हात एक असावा लागतो. या भावांचा हात लहानपणापासून एक होता. अमोल गेल्यावर धर्मेंद्रने नवा माणूस लावला. त्या माणसाने महिन्याभरात एकदा नको तेव्हा ओढलं.

दिपाली आजवर या विषयात नवऱ्याच्या बाजूने बोलत आली होती. चूल वेगळी करताना पहिला शब्द तिचाच होता. आज ती म्हणाली, "राहू द्या ना आता. आपलं भांडण आपल्या घरातलं. ते रस्त्यावर ढोल वाजवत कायले न्याचं? आत्याबाई म्हणतात ते बरोबर आहे."

धर्मेंद्रने तिच्याकडे बघितलं. प्रयागबाईंनीही बघितलं. दोन वर्षांत सुनेने त्यांची बाजू घेतल्याचं त्यांना आठवत नव्हतं, आणि आता घेतली तर तिचं काय करावं हे त्यांना सुचेना. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. रितिका एवढंच विचारत राहिली की काकाने खरंच गड देऊन टाकला का.

चंपतराव बाहेर अंगणात आले आणि कापायला आणलेल्या सागाच्या ओंडक्यावर बसले. मागच्या शेडमध्ये दिवा लागला होता. लहानू कामाला लागला होता.

याच जागी, अशाच ओंडक्यावर अमोल त्यांच्याशेजारी येऊन बसला होता. दोन वर्षांपूर्वीची दिवाळी नुकतीच झाली होती. "बाबा, मले एक वर्ष द्या," तो म्हणाला होता. "नाही जमलं तं वापस येतो, मशीनवर उभा राहतो, मंग कधी नाव नाही काढणार." चंपतरावांना त्या वेळी पोराचं फार कौतुक वाटलं. आपण कधी कोणाकडे असं काही मागितलं नाही, हे आठवलं. ते म्हणाले, "जाय. धर्मेंद्राले मी सांगतो. तू नको सांगू, तुमचं भांडण होईल. मी बरोबर सांगतो."

ते सांगणार होते. त्या दिवशी धर्मेंद्र गिऱ्हाइकावर चिडलेला होता म्हणून राहिलं. दुसऱ्या दिवशी पाहुणे होते. तिसऱ्या पहाटे अमोल गेला. सकाळी धर्मेंद्रने येऊन विचारलं, अमोल कुठे आहे. त्याचा आवाज असा होता की चंपतरावांच्या तोंडून निघून गेलं, "मले काय माहीत? मले त्यानं विचारलं बी नाही." भीतीने निघालेलं एक वाक्य. संध्याकाळी दुरुस्त करू, असं त्यांनी ठरवलं. मग उद्या. मग बोटं गेली, आणि त्या वाक्याला हात लावायची सोय उरली नाही.

दवाखान्यात अमोल धावत आला होता. धर्मेंद्रने त्याला तोंडाला येईल ते ऐकवलं. चोर म्हणाला, पळपुटा म्हणाला. बाप कोपऱ्यात उभा होता. अमोलने एकदा बापाकडे बघितलं. मग खाली बघून म्हणाला, "चुकलं माहं, भाऊ." तेव्हापासून तो घरी आला की एक दिवस राहायचा आणि पाहुण्यासारखा जायचा.

आज पडद्यावर अडसर सरकवताना रायभानने असंच खाली बघितलं होतं. खोलीतल्या सगळ्यांना त्यात कपट दिसलं. चंपतरावांना तो दवाखाना दिसला. फितूर कोण ते मशालीच्या उजेडात दिसलं तेव्हा त्यांना जे लागलं, ते पोराच्या बदनामीचं नव्हतं. जगात एवढे लोक असताना बडग्या करायला आपल्याला सापडला तो नेमका हा, ज्याने आपलं तोंड झाकलं. त्यांना स्वतःची लाज वाटली. पण लाज वाटली की माणूस लगेच काही करतोच असं नाही. ते तिथे बसून राहिले, आणि शेडमधला दिवा विझला तेव्हा घरात जाऊन झोपले.

सकाळी अमोल ऑटोतून गल्लीच्या तोंडाशी उतरला. तान्ह्या पोळ्याची पोरं लाकडी बैल धुऊन-पुसून ओट्यांवर मांडत होती. त्यांनी त्याला बघितलं आणि बैल उचलून आत पळाली. तुळसाबाई अंगण झाडत होत्या. दर वेळी तो आला की त्याच्या तोंडावरून हात फिरवायच्या, चहा पाजल्याशिवाय सोडायच्या नाहीत. त्या वाकून झाडतच राहिल्या.

"काय मोठीमाय," अमोल म्हणाला.

"माह्याशी बोलू नोको," त्या म्हणाल्या. "मानाजीनं तुह्यासाठी काय नाही केलं? सख्ख्या भावावाणी वागवलं तुले. आन् तू दरवाजा उघडून देल्ला."

अमोल हसत म्हणाला, "मोठीमाय, ते लिहिलेलं असते."

"लिहिलं तं तू नाही म्हणाचं."

त्याने वाकून नमस्कार केला. तुळसाबाईंनी झाडू दुसऱ्या हातात घेऊन आशीर्वाद दिला, पण चहाचं काढलं नाही.

घरी प्रयागबाईंनी त्याला पोटाशी धरलं आणि पुरणपोळी पुढे ठेवली. दिपाली माडीवरून वड्यांची वाटी घेऊन खाली आली. दोन वर्षांत पहिल्यांदा वरच्या चुलीवरचं काही खाली आलं होतं, आणि ते वाटी कोणाच्या हातात द्यायची इथे अडलं. शेवटी तिने ती मध्येच ठेवली. धर्मेंद्र दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. चंपतराव खुर्चीत होते. बाहेर दूर कुठेतरी ढोल सुरू झाले होते.

बडग्याचं अमोलला कोणी सांगावं हा प्रश्नच आला नाही. ते त्याला ऑटोवाल्यानेच सांगितलं होतं. त्याला वाईट वाटलं का, असं दिपालीने विचारलं. तो म्हणाला, मुंबईत त्याच्या ओळखीतल्या कोणाचाही अजून बडग्या झालेला नाही, त्या हिशोबाने हे मोठंच बक्षीस आहे. कोणी हसलं नाही, तेव्हा त्याने पोळीचा तुकडा मोडला.

"तुम्हाले कधीपासून माहीत होतं?" दिपालीने विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. घेतानाच सांगतलं त्याइनं, तू शेवटी फितूर होशील. पण कोणाले सांगाचं नाही."

"आईलेही नाही?"

"शब्द देल्ला होता ना, वहिनी."

प्रयागबाई म्हणाल्या की आईला सांगितल्याने काय गड पडणार होता. मग दिपालीने तिला काल रात्रीपासून सलत असलेलं विचारलं. रायभानच कशाला? इतका चांगला दाखवला, वर्षभर लोकांनी जीव लावला, मग त्यालाच का? तो आचारी चालला असता.

अमोलने थोडा विचार केला. "आचाऱ्यावर कोणाचा भरोसा होता, वहिनी? त्यानं दरवाजा उघडला असता तं लोकाइनं त्याले शिव्या देल्ल्या असत्या आन् जेवून झोपले असते. फितूर व्हाले पहिले आपला व्हा लागते. परक्याले ते जमत नाही."

"बरंच शिकला मुंबईत," धर्मेंद्र दारातून म्हणाला.

"हो."

"वर्षभर हे पोटात ठेवलं? सगळे तुले चांगला म्हणून राहिले, आन् तुले माहीत, आपण काय करणार आहो. जड नाही गेलं?"

"सवय आहे," अमोल म्हणाला.

तो हे साधेपणाने म्हणाला. पण धर्मेंद्र त्याच्याबरोबर वाढला होता. समोरासमोर उभं राहून, न बोलता, नुसत्या खांद्याच्या हालचालीवरून एकमेकांचा हात ओळखत त्यांनी वर्षानुवर्षं ओंडके चिरले होते. हे वाक्य बोलताना अमोलची नजर खोलीतल्या सगळ्यांवरून फिरली. त्याने फक्त बापाकडे बघायचं टाळलं होतं. ते त्याने इतकं जपून टाळलं की धर्मेंद्रला त्यात काहीतरी हिसका लागल्यासारखं झालं. त्याने बापाकडे पाहिलं.

चंपतराव उठले होते. त्यांनी खुंटीवरची पांढरी टोपी घेतली, डोक्यावर घातली, आणि चपला न घालता मागच्या दाराने शेडकडे निघाले. "वेळ झाली," एवढंच ते म्हणाले.

शेडपुढे गल्ली जमली होती. लहानूने रात्रीत कमाल केली होती. बडग्याला मुंडकं लागलं होतं आणि ते थेट अमोलचं होतं. तेच नाक, तीच वर वळवलेली काळी मिशी, डाव्या भुवईवरची लहानपणची खोकसुद्धा. रायभानला ती खोक मेकअपने झाकलेली असायची. लहानूने अमोलला लहानपणी बघितलेलं, त्याने ती आठवून काढली होती. गळ्यात पाटी होती, 'घर फोडणारा'. प्रयागबाई तोंडाला पदर लावून मागे सरल्या. दिपालीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि त्यांनी तो झटकला नाही.

अमोल पुढे होऊन आपलं तोंड बघत राहिला. "चांगलं काढलं गा, लहानूकाका," तो म्हणाला, आणि त्याने स्वतःच्या भुवईवर बोट ठेवलं. घरात ऐकवलेला विनोद इथे उपयोगी पडला नाही. ती खोक त्याला आरामशीनवरच पडली होती, आणि तेव्हा धर्मेंद्रने त्याला पाठीवर घेऊन डॉक्टरकडे पळत नेलं होतं.

रिवाजाप्रमाणे आता चंपतरावांनी नारळ फोडायचा, आरोळी द्यायची आणि बडग्या निघायचा. कोणीतरी नारळ त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो खाली ठेवला.

"लहानू, मिशी पांढरी कर."

लहानूला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तो म्हणाला, रायभानची मिशी काळी आहे, भाऊ, सगळ्यांनी पाहिली आहे.

"रायभानची आहे काळी. तू पांढरी कर. केसही कर."

लोक एकमेकांकडे बघू लागले. चंपतराव थांबले तर पुन्हा उद्यावर जाईल, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांना दुसऱ्या कोणापेक्षा स्वतःची सवय जास्त माहीत होती. लहानूने पांढऱ्या रंगाचा डबा उघडेपर्यंत त्यांनी आपली टोपी काढली आणि बडग्याच्या डोक्यावर बसवली. मग डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि त्याच्या नाकावर ठेवला. काड्या त्यांनी कागदात खोचल्या. मग ते धर्मेंद्रकडे वळले. चष्म्याशिवाय त्यांना त्याचं तोंड नीट दिसत नव्हतं, आणि कदाचित म्हणूनच त्यांना बोलता आलं.

"अमोलनं मले विचारलं होतं. इथंच, ओंडक्यावर बसून. मीच जाय म्हटलं त्याले. तुले मी सांगतो म्हटलं, आन् नाही सांगतलं. तू विचारलं तवा मी भ्यालो. मंग तुही बोटं गेली, आन् मंग तं मी कधीच सांगू शकलो नसतो. त्यानं दोन वर्षं माह्यासाठी ऐकून घेतलं. दरवाजा मी उघडला, धर्मेंद्रा. बडग्या माहा काढा."

प्रयागबाईंनी डोक्यावरचा पदर मागे सरकू दिला आणि नवऱ्याकडे असं बघितलं की ती गोष्ट त्यांच्या दोघांत पुढे बरीच वर्षं चालेल हे दिपालीला दिसलं. अमोलचे डोळे भरले होते. तो "बाबा" म्हणाला.

धर्मेंद्रने आपला डावा हात वर घेतला आणि त्याकडे बघितलं. दोन वर्षं त्याने एका माणसाचा राग करून दिवस काढले होते. रोज संध्याकाळी खाली येऊन, मोबाइल काढून, ठेवून. आता तो राग तसाच होता, पण ज्याच्यावर धरायचा तो माणूस बदलला होता, आणि हा नवा माणूस म्हातारा होता, अनवाणी होता आणि डोळे बारीक करून त्याला शोधत होता. धर्मेंद्रला त्याला मारावंसं वाटलं. त्याला त्याच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. त्याने दोन्ही केलं नाही.

लहानूने ब्रश थांबवला. मिशी पांढरी झाली होती. नाक अजून अमोलचं होतं, पण टोपी आणि चष्म्यात बाप-लेकाचं नाक एकच आहे हे गल्लीला पहिल्यांदा कळलं. दूरचे ढोल आता मुख्य रस्त्यावर आले होते. पिवळी मारबत निघाली होती आणि लोकांची आरोळी इथपर्यंत येत होती, ईडा-पीडा घेऊन जा गे मारबत.

धर्मेंद्र पुढे झाला. त्याने बडग्याच्या नाकावरचा चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला आणि बापाच्या हातात दिला.

"चष्मा घाला. रस्त्यानं पडाल," तो म्हणाला. "टोपी राहू द्या त्याच्यावर."

मग त्याने वाकून बडग्या वाहायचा पुढचा बांबू खांद्यावर घेतला आणि मागे न बघता अमोलला म्हटलं, "पकड तिकडून."